परिसंवादाची परंपरा आणि अध्यक्षाचे काम

वसंत ऋतू आणि व्याख्यान ह्यांची सांगड आपल्याकडे जुनी आहे. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे ह्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती 1875 साली. पुण्याची ती माला दीडशे वर्षांची झाली, आणि तिच्या धर्तीवर गावोगाव माला उभ्या राहिल्या. मुंबई-पुण्यापासून शेकडो कोस दूर असलेल्या आमच्या झाडीच्या मुलखातही वैशाखात सतरंज्या अंथरल्या जातात आणि लोक ऐकायला येऊन बसतात, ही लहानसहान गोष्ट नव्हे.

अलीकडे ह्या मालांतून एक संध्याकाळ परिसंवादासाठी राखून ठेवण्याची पद्धत पडली आहे. पत्रिकेवर चार तज्ज्ञांची नावे असतात, पाचवे अध्यक्षांचे. प्रत्यक्षात काय होते ते आपण सर्वांनी पाहिले आहे. पाहुण्यांचा परिचय आणि शाल-श्रीफळ ह्यांत पाऊण तास जातो. मग चार तज्ज्ञ चार स्वतंत्र भाषणे करतात. दुसऱ्याने पहिल्याचे ऐकलेले नसते आणि तिसऱ्याला गाडी गाठावयाची असते. शेवटी अध्यक्ष चौघांचे सार सांगतात आणि वेळेअभावी प्रश्नोत्तरे रद्द झाल्याचे जाहीर होते. ह्याला परिसंवाद म्हणावयाचे असेल, तर आठवडी बाजारात चार दुकाने शेजारी-शेजारी लागली म्हणून त्या दुकानदारांना भागीदार म्हणावे लागेल.

श्रोते कंटाळतात, त्यांना आता ऐकण्याची सवय राहिली नाही, असे संयोजक म्हणतात. आम्हाला हे पटत नाही. ह्याच मुलखातला माणूस दिवाळीनंतर धानाचे काम आटोपले की मंडईच्या रात्री थंडीत घोंगडी पांघरून पहाटेपर्यंत नाटक पाहतो, दंडार पाहतो, आणि मधून उठत नाही. त्याच्या धीराला दोष देता येणार नाही. आमचे म्हणणे असे आहे की, बहुतेक परिसंवाद ज्या प्रश्नाभोवती रचलेले असतात तो प्रश्न समोर बसलेल्या माणसाचा नसतोच. प्रश्न कोणी विचारावयाचा, ह्या एका गोष्टीभोवती महाराष्ट्रातल्या सार्वजनिक चर्चेचा गेल्या पावणेदोनशे वर्षांचा इतिहास फिरलेला आहे. तो थोडा उलगडून पाहिला तर अध्यक्षाचे काम काय, हेही उमगेल.

आम्ही कामगार संघटनेत आयुष्य घालवलेली माणसे. शाळा थोडी झाली; पुढचे शिक्षण सार्वजनिक वाचनालयात आणि 2019 साली बंद झालेल्या नागपूर-नागभीड छोट्या गाडीच्या बाकावर झाले. ती गाडी इतकी सावकाश चालत असे की एका खेपेत एक जाड पुस्तक अर्धे वाचून होई. तेव्हा पुढे जे सांगतो ते पंडिताचे म्हणून घेऊ नये.

आपल्या जुन्या न्यायशास्त्राने चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत : वाद, जल्प आणि वितंडा. खरे काय ते कळावे म्हणून केलेली चर्चा तो वाद. जिंकण्यासाठी केलेली तो जल्प. आणि स्वतःचे काहीच न मांडता दुसऱ्याचे फक्त खोडून काढणे ती वितंडा. जुन्या सभेत दोन पक्षांबरोबर मध्यस्थही असे. हा शब्द आम्हाला ‘अध्यक्ष’ ह्या शब्दापेक्षा अधिक उपयोगी वाटतो. अध्यक्ष वर बसतो, मध्यस्थ मध्ये उभा असतो.

मराठी भाषेत भरलेल्या मोठ्या जाहीर चर्चांपैकी एक अगदी उघड्यावर झाली. 1857 च्या सुरुवातीच्या महिन्यांत विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि ख्रिस्ती मिशनरी ह्यांचा धर्मविषयक वाद मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर, आठवड्याच्या ठरलेल्या दिवशी होत असे. श्रोते वाळूत. त्या वादाची पुस्तके दोन झाली. रेव्हरंड जॉर्ज बोवेन ह्यांचे इंग्रजीतले पुस्तक त्याच वर्षी निघाले. मराठीतले ‘समुद्रकिनारीचा वादविवाद’ 1872 साली, बुवांच्या मृत्यूनंतर. वाद एक आणि पुस्तके दोन, ह्यातच त्या चर्चेचे स्वरूप आले. शास्त्राच्या भाषेत तो जल्प होता. पण त्यात एक गोष्ट होती जी आजच्या परिसंवादात नसते : एकाने बोललेल्याचे उत्तर दुसऱ्याला द्यावेच लागे. प्रश्न टाळून स्वतःचे तयार भाषण म्हणण्याची तेथे सोय नव्हती. लोक पुन्हा पुन्हा येत राहिले ते ह्यामुळे, असा आमचा तर्क आहे.

रानड्यांच्या व्याख्यानमालेने दुसरी वाट धरली. एक जाणकार, एक विषय, शांत सभा. त्या काळाला त्याची गरज होती. इतिहास, अर्थशास्त्र, विज्ञान हे विषय मराठीत बोलता येतात हेच मुळी सिद्ध करावयाचे होते. ह्याच रानड्यांनी लोकहितवादींबरोबर मे 1878 मध्ये पुण्यात मराठी ग्रंथकारांची सभा बोलावली. आजच्या साहित्य संमेलनाचे मूळ तेच. 1885 साली दुसरे ग्रंथकार संमेलन ठरले, तेव्हा जोतीराव फुल्यांना निमंत्रण गेले. जोतीरावांनी नकाराचे पत्र पाठवले, आणि ते ‘ज्ञानोदया’त छापून आले. पत्राचा आशय असा की, जे लोक शूद्रादि अतिशूद्रांचे माणूस म्हणून असलेले हक्क उघडपणे मान्य करीत नाहीत, त्यांच्या सभांना आणि पुस्तकांना आमच्या सभा आणि पुस्तके मिळती घेत नाहीत.

ह्या पत्राकडे बहुधा दोन थोर पुरुषांतला मतभेद म्हणून पाहिले जाते. परिसंवाद भरवणाऱ्याने ते निराळ्या नजरेने वाचावे. निमंत्रण आले होते, खुर्चीही मिळाली असती. तरी जोतीराव गेले नाहीत, कारण सभेचा प्रश्न आधीच ठरलेला होता आणि तो त्यांच्या माणसांचा नव्हता. व्यासपीठावर एक खुर्ची वाढवली म्हणजे सर्वांचे प्रतिनिधित्व झाले असे आजही पुष्कळ संयोजक समजतात. एखादी बाई, एखादा आदिवासी, एखादा कामगार शेवटच्या खुर्चीवर बसवतात आणि पाच मिनिटे उरली की त्याला ‘दोन शब्द’ बोलावयास सांगतात. खुर्ची देण्याच्या आधी प्रश्न ठरवताना त्याला विचारले असते, तर निराळा परिसंवाद झाला असता.

जोतीरावांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी ह्याच सुमारास ते करून दाखवले. मुंबई सरकारने गिरण्यांच्या चौकशीसाठी आयोग नेमला होता. आयोगापुढे बोलावयाचे कोणी? गिरणीमालक होते, साहेब होते, डॉक्टर होते. ‘दीनबंधू’ चालवणाऱ्या लोखंड्यांनी सप्टेंबर 1884 मध्ये परळला कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार सह्यांचा अर्ज तयार केला. त्यातल्या मागण्या पाहा : आठवड्याची एक सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच काम, पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत, आणि कामावर इजा झाली तर भरपाई. ‘कामगारांची सर्वांगीण उन्नती’ असा शब्दही त्यात नाही. प्रत्येक मागणीला हो किंवा नाही असे उत्तर द्यावे लागेल, अशी ती मांडणी होती. पुढे 24 एप्रिल 1890 रोजी, म्हणजे ऐन वसंतात, महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली आणि तीत दोन गिरणीकामगार स्त्रिया बोलल्या. त्याच वर्षी जून महिन्यात गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. आज आपण रविवारी निवांत व्याख्यानाला येतो, त्या रविवारामागे ती सभा आहे.

त्या दोन स्त्रिया तज्ज्ञ होत्या की नव्हत्या? आमच्या मते होत्या. साच्यावर बारा-तेरा तास उभे राहिल्यावर पायांचे काय होते ह्या विषयात त्या सभेत त्यांच्याहून मोठा जाणकार कोणी नव्हता. मात्र डॉक्टरचे ज्ञान त्यामुळे फुकट ठरत नाही. दोन प्रकारचे जाणकार एका टेबलाशी कसे बसवावयाचे, हाच तर पेच आहे. स्वातंत्र्याच्या आधी ह्या पेचाला आकार देण्याचा एक मोठा प्रयत्न झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले आणि 7 ऑगस्ट 1942 रोजी दिल्लीत सरकार, मालक आणि कामगार अशा तिन्ही पक्षांची परिषद त्यांच्या अध्यक्षतेखाली भरली. त्याच दिवशी मुंबईत काँग्रेस समितीचे ‘छोडो भारत’ अधिवेशन सुरू होत होते, त्यामुळे ह्या परिषदेकडे कोणाचे लक्ष गेले नाही हे स्वाभाविक आहे. पण तिघांनी समोरासमोर बसण्याची रीत तेथे पडली.

तिचे फळ 1957 च्या पंधराव्या श्रम परिषदेत दिसले. किमान वेतन कशावरून ठरवावयाचे, ह्यावर तेथे एक हिशेब ठरला. कमावता एक धरून खाणारी तीन एकके, आहारशास्त्रज्ञ डॉ. आक्रॉइड ह्यांच्या मोजणीप्रमाणे दर एककाला रोजचे 2700 उष्मांक. माणशी वर्षाला 18 वार कापड, म्हणजे चौघांच्या कुटुंबाला 72 वार. शिवाय घरभाडे, आणि जळण-दिवाबत्ती व इतर खर्चासाठी एकंदर वेतनाच्या वीस टक्के. हा हिशेब अमलात किती आला हा दुःखाचा विषय आहे, तो येथे नको. आमचा मुद्दा एवढाच की, एकट्या आहारशास्त्रज्ञाने कापडाचे वार सांगितले नसते आणि एकट्या कामगाराला उष्मांक सांगता आले नसते. प्रश्न मात्र कामगाराचा होता : कुटुंब जगायला किती लागते?

येथवरच्या गोष्टी मुंबई, पुणे, दिल्लीच्या झाल्या. आम्हाला सर्वांत मोलाचा वाटणारा धडा मात्र आपल्या शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात, धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) ह्या गोंड गावाने दिला आहे. वनहक्क कायद्याखाली 2009 साली ह्या गावाला सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, आणि एप्रिल 2011 मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश ह्यांनी गावात येऊन बांबूच्या वाहतुकीचे परवाना-पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले, हे वर्तमानपत्रांनी छापले. त्याच्या मागे वीस-पंचवीस वर्षे चाललेली चर्चेची एक पद्धत होती, तिच्याकडे कमी लोकांनी पाहिले. देवाजी तोफा आणि त्यांचे गावकरी, तसेच ‘वृक्षमित्र’चे मोहन हिराबाई हिरालाल ह्यांनी मिळून ती घडवली.

पद्धत सांगावयास सोपी आहे. गावात दोन बैठका निरनिराळ्या चालतात. एक अभ्यास गट, दुसरी ग्रामसभा. अभ्यास गटात ज्याला इच्छा असेल त्याने यावे. जंगल असो, कायदा असो की मध काढण्याची रीत असो, गावाला पडलेला प्रश्न तेथे घ्यावयाचा. जरूर पडेल तेव्हा बाहेरच्या जाणकाराला बोलवावयाचे, त्याला विचारावयाचे, त्याच्याशी वाद घालावयाचा. पण अभ्यास गटात निर्णय कधी होत नाही. निर्णय ग्रामसभेत होतो, तोही बहुमताने नव्हे, सर्वांच्या सहमतीने. आणि तेथे बाहेरच्या जाणकाराचे मत चालत नाही.

ह्यातली खुबी ध्यानात घेण्यासारखी आहे. निर्णय तेथे होणार नाही हे ठाऊक असल्यामुळे अभ्यास गटात कोणी हरत नाही. काल मांडलेले मत आज बदलले तर कोणी नाक कापले गेले असे म्हणत नाही. आणि तज्ज्ञही मोकळा होतो. त्याने हुकूम द्यावयाचा नसतो, उत्तर द्यावयाचे असते. जल्पाचा वाद व्हावा ह्यासाठी शास्त्रकारांनी नियम सांगितले. मेंढ्याच्या लोकांनी दोन बैठका वेगळ्या काढून तेच साधले. ह्याउलट आमच्या शहरी परिसंवादाच्या शेवटी घाईघाईने ठराव वाचले जातात आणि टाळ्यांत संमत होतात, ते कोणावर बंधनकारक असतात हे वाचणाऱ्यालाही ठाऊक नसते.

आता नागभीडपुरते बोलू. आपल्याकडे परिसंवाद भरवावयाचा तर विषय शोधत हिंडण्याची गरज नाही. ब्रह्मपुरी वनविभागात वाघ आणि माणूस एकमेकांच्या इतके जवळ आले आहेत की मोहफुलाच्या आणि तेंदूच्या हंगामात घरातले माणूस संध्याकाळी परत येईपर्यंत चूल पेटवावीशी वाटत नाही. 2018 साली आपल्याच तालुक्यात घोडाझरी अभयारण्य झाले. मे 2025 मध्ये शेजारच्या सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. ह्या विषयावर ‘वन्यजीव आणि मानव : सहजीवनाच्या दिशा’ असा परिसंवाद भरवला तर कोणीही नकार देणार नाही, कारण त्यात कोणाला काहीच उत्तर द्यावे लागत नाही. लोखंड्यांच्या अर्जाची आठवण ठेवून प्रश्न असा करावा : येत्या हंगामात तेंदू तोडायला जाणाऱ्यांनी किती वाजता, किती जणांनी मिळून आणि कोणत्या बाजूने जंगलात शिरावे, कोणत्या दिवशी शिरू नये, हे कोणी ठरवावयाचे आणि त्या दिवसाची मजुरी कोणी द्यावयाची? हा प्रश्न संयोजकांच्या खोलीत सुचणार नाही. तो तेंदूच्या फळीवर, जेथे सत्तर-सत्तर पानांची पुडकी मोजली जातात तेथे, हंगामात जाऊन बसल्याशिवाय मिळणार नाही. हातात वही घेऊन दोन संध्याकाळी बसले तरी पुरे.

बोलणारे चारांहून अधिक नकोत : वनाधिकारी, वाघाचा अभ्यास केलेला संशोधक, ग्रामसभेचा माणूस आणि पाने तोडणारी बाई. अध्यक्षाने ह्या चौघांना आधी एकेकटे भेटावे, हे आम्ही हट्टाने सांगतो. मालकाशी वाटाघाटीला बसण्यापूर्वी आम्ही खात्यात जाऊन प्रत्येकाशी बोलतो, ते उगाच नव्हे. सभेत सर्वांत जास्त बोलणाराच सर्वांत जास्त जाणतो असे क्वचित दिसते. ह्या भेटीत अध्यक्षाने एवढेच शोधावे की चौघांचे खरोखर कुठे पटत नाही. पटत असेल त्यावर वेळ घालवावयाचा नाही. जेथे पटत नाही ते एका वाक्यात लिहून चौघांनाही आधी कळवावे. तज्ज्ञाला अडचणीत पकडण्यात मौज वाटते, पण पकडलेला माणूस पुढे काही सांगत नाही.

बोलण्याच्या क्रमालाही महत्त्व आहे. अधिकारी पहिला बोलला की पाने तोडणारी बाई ‘साहेबांनी सांगितले तेच’ म्हणून खाली बसते. म्हणून सुरुवात तिच्या हकिगतीने करावी आणि तिने विचारलेल्याचे उत्तर इतरांनी द्यावे. अध्यक्षाने स्वतः दोन मिनिटांहून अधिक बोलू नये. सत्कार करावयाचेच असतील तर शेवटी करावे, ज्यांना घाई आहे ते निघून जातील. संशोधक ‘कॉरिडॉर’ म्हणाला की अध्यक्षाने थांबवून विचारावे, म्हणजे कोणत्या गावाच्या कोणत्या शिवारातून? अधिकारी ‘उपाययोजना चालू आहेत’ म्हणाला की, कोणत्या गावात, कोणत्या महिन्यापासून? हा न्याय दुसऱ्या बाजूलाही लावावयाचा. कोणी एक घडलेला प्रसंग सांगितला तर, असे आणखी कोणाला घडले आहे काय, हे सभेला विचारावे, कारण एका प्रसंगावरून सर्व वाघांचे वागणे ठरत नाही. आणि प्रश्न विचारल्यावर कोणी बोलत नसेल, तर ती शांतता अध्यक्षाने भरून काढू नये. आमच्या लोकांना बोलायला जरा वेळ लागतो.

श्रोत्यांचे प्रश्न चिठ्ठ्यांवर मागवावे की तोंडी, ह्याबद्दल मतभेद आहेत. चिठ्ठीने वेळ वाचतो. पण ज्याला लिहिता येत नाही त्याचा प्रश्न तेथेच मरतो, आणि नको असलेली चिठ्ठी खिशात जाऊ शकते. एका मोठ्या शहरातल्या सभेत आम्ही दिलेली कंत्राटी कामगारांविषयीची चिठ्ठी अशीच गेली. शहराचे नाव येथे घेत नाही. तरी चिठ्ठीचा एक गुण मानला पाहिजे : ज्या ठेकेदाराकडे पाने द्यावयाची तोच पहिल्या रांगेत बसला असेल, तर बाई तोंडाने विचारणार नाही. म्हणून फळीवर फिरलेल्या वहीतले प्रश्न अध्यक्षाने नाव न घेता प्रथम वाचावे आणि मग सभेला तोंडी प्रश्नांसाठी मोकळे करावे. बोली झाडीची असेल तर तिला हसू देऊ नये. ठराव करू नये. जे बोलले गेले ते दोन पानांवर लिहून त्या त्या गावच्या ग्रामसभेकडे पाठवावे. ठरवावयाचे ते तेथे ठरेल.

आणि वेळ. व्याख्यानमाला सायंकाळी सहाला सुरू करण्याची आपली रीत आहे. तेंदूच्या दिवसांत पहाटे जंगलात गेलेली माणसे दुपारी पुडकी बांधतात आणि सायंकाळी सहाला फळीवर मोजणीच्या रांगेत असतात. तेव्हा ह्या एका दिवशी सभा साडेआठला ठेवावी. आणि पत्रिका छापण्यापूर्वी जवळच्या चार गावांसाठी परतीच्या गाडीची सोय करून तसे पत्रिकेत मोठ्या अक्षरात छापावे, कारण त्या रस्त्यांवर अंधार पडल्यानंतर आता कोणी पायी जात नाही.